क्रम मोडू नका

धनावडे देवळात प्रदक्षिणा घालत नसत. ते प्रदक्षिणेवर नजर ठेवत. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात खांबाला टेकून उभे राहायचे आणि एखादा घाईतला भक्त पुढच्या म्हातारीला ओलांडून गेला की खणखणीत आवाजात म्हणायचे, "घडी पडली." भक्त बिचारा वळून खाली काही पडलंय का ते शोधायचा.

मी हे प्रथम पाहिलं तेव्हा ओलांडणारा भक्त मीच होतो. त्यामुळे या गृहस्थाविषयी माझं मत सुरुवातीलाच वाईट झालं. पुढं रत्नागिरीतल्या एकाच कॉलेजात आम्ही सहा वर्षं शेजारी बसलो, ते गणिताचे आणि मी इतिहासाचा, आणि ते मत सुधारावं अशी संधी त्यांनी मला क्वचितच दिली. माणसांना ते त्यांच्या विषयाच्या नावानं हाक मारत. मी "अहो इतिहास". प्राचार्यांचा विषय अर्थशास्त्र होता, पण गेल्या दहा वर्षांत त्यांनी तो शिकवला नव्हता, म्हणून धनावडे त्यांना कशानंच हाक मारत नसत.

घडीचं प्रकरण मला समजावून घ्यावं लागलं, कारण ते समजल्याशिवाय त्यांच्या शेजारी चहा पिणं अशक्य होतं. स्टाफरूमच्या टेबलावर बशी पालथी घालून ते सांगत. बशीचा हा काठ. काठावरच्या प्रत्येक बिंदूनं कुठं उडी मारायची ते ठरवून द्यायचं आणि त्याच नियमानं उड्या मारवत राहायचं. मग विचारायचं, एका उडीमागे सरासरी किती काठ सरला? आपसातला क्रम न मोडता सगळे फिरत असतील तर ही सरासरी सर्वांची एकच निघते, उड्या कितीही लहानमोठ्या असोत. पण नियमात कुठं घडी पडली, मागचा पुढच्याला ओलांडून गेला, तर दोघांच्या सरासऱ्या वेगळ्या होऊ शकतात. तशा त्या झाल्या की त्या दोहोंमधल्या प्रत्येक सरासरीनं फिरणारा कुणी ना कुणी काठावर सापडतोच. आणि मग एन्ट्रॉपी शून्य राहूच शकत नाही.

"म्हणजे अनागोंदी," मी म्हणालो.

"अनागोंदी म्हणा. पण ती मोजता येते. निदान किती होणार ते त्या दोन सरासऱ्यांवरून आधीच सांगता येतं. हे नवं आहे बरं का, गेल्या चारपाच वर्षांतलं. तुमच्यासारखं मेलेल्या राजांचं नव्हे."

हे सगळं ज्यांत छापून येई ती परदेशातली मासिकं बोटीनं यायची, बहुधा पावसात भिजून. संबंध जिल्ह्यात ती वाचणारा हा एकच माणूस होता. त्याबद्दल मला आदर वाटायला हरकत नव्हती. पण काठावरची शिस्त त्यांनी बशीवरच ठेवली असती तर ना! एसटी स्टँडवर रांग मोडणाऱ्याला हे गाठायचे. प्राचार्यांच्या भाच्याला यादी ओलांडून प्रवेश मिळाला तेव्हा नोटीस बोर्डावर त्यांनी खडूनं एक वर्तुळ काढलं आणि त्याला एक घडी घातली. कुणालाच काही कळलं नाही, तरी खुलासा त्यांच्याकडेच मागितला गेला. त्यांनी तीन पानी खुलासा दिला. तोही कुणाला कळला नाही.

एका शिमग्याला मी त्यांच्या गावी गेलो. गाव पालीच्या पुढं चार मैलांवर, अर्धं चालत. होळीनंतर ग्रामदेवीची पालखी घरोघर जाते. गावातली चाळीसेक घरं टेकडीभोवती गोल वसलेली, आणि पालखी पिढ्यान्‌पिढ्या एका घरून शेजारच्या घरी अशी जात आलेली. त्या वर्षी मात्र चाकरमान्यांच्या मुंबईच्या मंडळानं वेळापत्रक छापून आणलं होतं, गुळगुळीत कागदावर, वर अध्यक्षांचा फोटो. देवीचा नव्हता. ज्यांच्या रजा लवकर संपतात त्यांची घरं आधी, बाकीची मग. अध्यक्षांच्या छातीवर बशीएवढा बिल्ला होता आणि सोबत तोंडाला कर्णा लावलेला माणूस होता. तो देवीच्या आधी त्यांच्या आगमनाची वर्दी द्यायचा.

माझं डोकं फिरलं, हे कबूल करतो. पण धनावड्यांचं आधीच फिरलं होतं. सहाणेवरच्या, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावरच्या, बैठकीत त्यांनी जमिनीवर काटकीनं गाव काढलं आणि बशीवरचा सिद्धांत सगळा सांगितला. गावकार, म्हणजे देवीचे मानकरी, वयस्क आणि सज्जन माणूस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमचा गणित बरोबर हाय," ते म्हणाले. "पन पोरांची रजा सोमवारी संपते, त्याला काय करनार? देवीला काय, कुठनंपन गेली तरी घरच हाय."

दुपारी बारा वाजता पालखी धनावड्यांच्या दारात आली, कारण अध्यक्षांच्या घरावरून उतरताना हे घर वाटेत पडतं. धनावडे ब्रह्मचारी, घर वर्षभर बंद. पण अंगण त्यांनी स्वतः सारवलं होतं, आणि ताटात खण, नारळ, तांदूळ मांडून ठेवलेले. ढोल वाजत होते. ओटी भरायला बाईमाणूस कोण, असं कुणीतरी विचारलं. अध्यक्षांच्या पत्नी पुढं होऊन म्हणाल्या, मी भरते की.

धनावडे उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "नको. आधी शेजारी जाऊ दे. मग इथं."

"अवो, शेजारचा नंबर परवा हाय," बिल्ला म्हणाला.

"मग परवा या."

दारात आलेली देवी परत पाठवली. खांदेकरी हसले, गावकारांनी मान हलवली, आणि पालखी उतारावरून निघून गेली. मी इतका संतापलो की पाहुणा असल्याचं विसरलो. म्हणालो, धनावडे, एका सिद्धांतासाठी तुम्ही गावात हसं करून घेतलंत. बशी आणि देव यांतला फरक तुम्हाला कळत नाही.

ते ताटातले सांडलेले तांदूळ गोळा करत बसले. मग म्हणाले, "शेजारचं घर भावाचं आहे."

आणि मग ज्या माणसाला कुठलीही गोष्ट तीन पानांहून कमी जागेत सांगता येत नसे, त्यानं ही चार वाक्यांत सांगितली. आई लवकर गेली, वहिनीनं वाढवलं. दोघा भावांचं वाटणीवरून फाटलं त्याला आठ वर्षं झाली. वहिनीला इकडं पाय टाकायची मनाई आहे. फक्त शिमग्यात ती आपल्या घरची ओटी भरून पालखीच्या मागून इथं येते, कारण देवीच्या मागून जाणाऱ्या बाईला भाऊ अडवू शकत नाही.

"चहा घेते घोटभर," ते म्हणाले. "पालखी हलली की उठते."

मागचं काय ते विचारण्याचं काम इतिहासवाल्यानं आधी करायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पालखी भावाकडे आली. मधे फक्त कमरेएवढा दगडी गडगा, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं. ढोल, नारळ, मग उंच, पांढऱ्या केसांची एक बाई ताट घेऊन पुढं आली. ओटी भरली. धनावड्यांनी दार सताड उघडलं, चूल पेटवली, आणि अंगणात येऊन उभे राहिले. पण सोमवार तोंडावर आला होता आणि खालच्या वाडीतली चार घरं बाकी होती. कर्ण्यानं पुढच्या यजमानांचं नाव पुकारलं. खांदेकरी वळले, आणि पालखी आमच्याकडं पाठ करून पाणंदीनं खाली गेली.

वहिनी सवयीनं तिच्या मागून निघाली होती. गडग्याच्या खिंडीपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, पुढं कुणी नाही. पडवीत नवरा बसलेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ताटातलं हळदीकुंकू सारखं केलं, आणि खिंडीतून इकडं आली.

"देवी खाली गेली वाटतं," ती म्हणाली.

"हो," धनावडे म्हणाले.

"जाऊ दे. भावजी, चहा टाका."

तिनं देव्हाऱ्यातल्या टाकाची ओटी भरली, पदर सावरून चुलीजवळ बसली. पलीकडच्या पडवीतून एकदा खाकरल्याचा आवाज आला, मग काही नाही. धनावडे साखर शोधत होते आणि ती त्यांच्या हातातच होती. तिनं चहा बशीत ओतून सावकाश संपवला. ढोल आता पार खालच्या वाडीत पोचले होते. मी पाहत होतो, ती उठत नव्हती. तिनं कप पुढं केला आणि म्हणाली, आणखी अर्धा.