अण्णा आणि जहाजाचं तेल

आमच्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी जहाजाचं तेल असतं. कधी इंधनाचं, कधी वंगणाचं, लोणच्याच्या जुन्या बरण्यांत भरलेलं. नव्याने नोकरीला लागलेला प्रत्येक माणूस एकदा तरी झाकण उघडून वास घेतो आणि त्या दिवशी उपाशी राहतो.

हा उद्योग अण्णा येळवंड्यांचा. भोसरीतली आमची छोटी कंपनी गिअर पंप बनवते. पंपाच्या पोटात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि तेल पुढे ढकलतात. कुठल्या जहाजाला कुठला पंप द्यायचा ते अण्णा ठरवतात, मी कोटेशन बनवते. गिऱ्हाईक फोनवर दाब सांगतं, प्रवाह सांगतं. अण्णा डोळे मिटून सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "ते झालं. गार असताना कसं हाय?"

तेल गरम असलं की पातळ होतं आणि चाकांच्या फटीतून मागे सटकतं. गार झालं की असं घट्ट होतं, की मोटर जागची हलत नाही. गिऱ्हाइकं गरम तेलाचाच आकडा सांगून मोकळी होतात. अण्णांचा भरवसा फक्त गार तेलावर.

हे पंपापुरतं असतं तर ठीक होतं. कुरुळीला त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मलाही आग्रहाने बोलावलं होतं. मुलगा गोड बोलत होता, घरचे खूश होते. अण्णांनी मुलाच्या मामाला बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्या घराला ऐकू गेला. "चार लोकांत समदेच बरे वाटत्यात. सकाळी उठल्या उठल्या कसा असतोय?" मी पोह्यांच्या बशीत मान घातली. पुढच्या बैठकीला अण्णांना कुणी बोलावलं नाही.

आणखी एक तऱ्हा म्हणजे अण्णा मीटिंग रूममध्ये पाऊल टाकत नाहीत. तिथे एसी आहे, गुबगुबीत खुर्च्या आहेत. पण बंदरावरचा मोठा साहेब आला तरी अण्णा त्याला कँटीनच्या बाकावर बसवतात आणि रश्श्याच्या डागांवर ड्रॉइंग पसरतात. मालक कपाळाला हात लावतात. अण्णांना एसी सोसत नाही, असं आम्ही नव्या लोकांना सांगतो.

खरं कारण तुषार. अण्णांचा मुलगा. डिप्लोमा करून आमच्याकडेच लागला, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याने एका जहाजाच्या इंधनासाठी पंप निवडला तो गरम तेलाच्या आकड्यावर, त्यामुळे मोटर लहान पडली. चूक कागदावरच सापडली, पंप बनलाही नव्हता. पण अण्णांनी भर मीटिंगमध्ये गिऱ्हाइकासमोर फ्रिजमधली बरणी त्याच्या हातात दिली. "उलटी कर. पड म्हण त्येला." पोरगं पालथी बरणी धरून उभं राहिलं. तेल काही पडेना. साहेब हसले, मालक हसले. तुषारने बरणी टेबलावर ठेवली, पुढे काही दिवसांत नोकरी सोडली आणि जहाजावर इंजिनरूममध्ये लागला. तेव्हापासून तो अण्णांचा फोन उचलत नाही.

"त्या खोलीत पाय ठिवायची लाज वाटती मला," असं अण्णा एकदा म्हणाले होते.

गेल्या गुरुवारी दुपारी ते माझ्या टेबलापाशी घुटमळले. "ताई, तुमच्या फोनवरनं तुषारला लावता का? जहाज बंदराला लागलंय, आईशी बोलला सकाळी. सांजच्याला निघनार. मग लवकर घावायचा न्हाई."

मी स्पीकर लावून फोन केला. तुषारने उचलला. "अण्णांना काहीतरी विचारायचंय," मी म्हटलं. पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"विचारा."

अण्णांनी घसा खाकरला. "वंगणाच्या तेलाचा पंप हाय. जहाज थंड मुलखात जानार. मोटर कशावर धरावी, कळंना झालंय."

त्याच पंपाचं कोटेशन माझ्यासमोर होतं. सगळे आकडे अण्णांनीच सकाळी दिले होते. मी स्क्रीनवरची नजर काढून दुसरीकडे बघायला लागले. एवढ्या जाणत्या माणसाला असं अडाण्याचं सोंग घेताना बघवत नव्हतं.

"गार तेलावर धरा," तुषार म्हणाला. "आणि पंप भिंतीला चिकटवून बसवू देऊ नका. गळायला लागला की आम्हाला हात घालायला जागा नसते."

हे मात्र अण्णांना खरंच ठाऊक नव्हतं. "तू खोलतूस व्हय?"

"मीच."

"भाजतंय का?"

"भाजतं कधी कधी."

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "चुकलं रं माझं. चार लोकांत तसं करायला नको हुतं."

"अण्णा, हा ताईंचा फोन आहे," तुषार म्हणाला. "असलं बोलायचं तर तुमच्या फोनवरून करा. उचलतो."

फोन बंद झाला. अण्णांनी तो शर्टाला पुसून मला परत दिला. मग खिशातून स्वतःचा काढला, तुषारचं नाव शोधलं आणि बोट तसंच अधांतरी धरून माझ्याकडे बघितलं.

"लगीच केला तर बरं दिसंल का?"