‘बंद’ म्हणजे नक्की काय?

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात नवा स्क्रीन लागला, त्या सकाळी तो आखणाऱ्या डिझायनरने मुख्य अभियंत्यांना छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, समजावून सांगावा लागला तर तो स्क्रीन कसला? मी तोंडसुद्धा उघडणार नाही."

"ठरलं," साहेब म्हणाले. "उघडलंत तर सही नाही."

तीन महिन्यांचं काम त्या सहीवर लटकलं होतं.

खुर्चीत बसले जुने ऑपरेटर, सगळ्यांचे मामा. सव्वीस वर्षं त्यांनी आठ टाक्या लोखंडी दांड्यांवर सांभाळल्या होत्या. दांडा वर, पाणी चालू. दांडा खाली, बंद. आता दांड्यांच्या जागी स्क्रीनवर आठ देखणी बटणं होती.

सव्वानऊला तीन नंबरची टाकी भरत आली.

"मामा, तीन बंद करा."

मामांनी चष्मा पुसून तीन नंबरचं बटण पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘बंद’.

"बंदच आहे की, साहेब."

डिझायनरच्या लेखी ‘बंद’ म्हणजे ‘दाबा, मग बंद होईल’. मामांच्या लेखी बंद म्हणजे बंद. तो खोकला.

"खोकणं बोलण्यात धरायचं का, साहेब?" मामांनी विचारलं.

"या वेळी नको. पण मामा, बंद आहे तर भरतेय कशी?"

मामांनी खात्रीसाठी बटण दाबलं. पाणी थांबलं आणि बटणावर अक्षरं उमटली, ‘चालू’.

"च्यायला, चालू झालं वाटतं," म्हणत मामांनी लगेच पुन्हा दाबलं. ‘बंद’ दिसल्यावर ते निवांत मागे टेकले.

टाकी काठोकाठ भरली. स्क्रीन लाल झाला, पी-पी करू लागला. ‘इशारा बंद?’ त्याने विचारलं. मामांनी ‘हो’ दाबलं. आवाज थांबला.

"शांत झाली टाकी," मामा म्हणाले.

तेवढ्यात डिझायनरचा फोन वाजला. बायको होती. त्यांचं घर तीन नंबरच्या अगदी पायथ्याशी.

"अहो, टाकीवरून धबधबा लागलाय. पाणी घरात शिरलं. तुम्ही तिथेच आहात ना, सांगा की कुणाला तरी."

डिझायनरने साहेबांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"ऐकताय ना? तुमच्या चपला तरंगत स्वयंपाकघरात चालल्यात."

"मामा," डिझायनर हताशपणे म्हणाला, "दाबा. एकदाच. आणि मग हात मांडीखाली घ्या."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

पाणी थांबल्यावर मामा समजुतीने म्हणाले, "घरी तुम्ही ‘नळ बंद आहे’ म्हणता, नाहीतर ‘नळ बंद कर’ म्हणता. नुसतं ‘बंद’ म्हणून पाठ फिरवली, तर समोरच्याने काय समजायचं?"

"आठ दिवस मामांच्या शेजारी बसा," साहेब म्हणाले. "सहीचं मग बघू."

दुपारी त्याने फोनवर बायकोला सगळं कबूल करून टाकलं. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा सतरंज्या दोरीवर निथळत होत्या आणि झोपायच्या खोलीच्या दाराला कागद चिकटवलेला होता. त्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द, ‘बंद’.

त्याने दारावर टकटक केली.

"अगं, ही माहिती आहे की हुकूम?"

आतून आवाज आला, "दाबून बघा."