अंबादासकाकांचा सक्तीचा आराम

अंबादासकाका लग्नालाही पळत जातात. काकी रिक्षाने पुढे जातात, मांडीवर काकांच्या इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी. कार्यालयाच्या दारात काका घामाघूम पोचतात, पिशवी घेऊन नळाकडे सटकतात आणि अक्षता पडायच्या आत भांग पाडून हजर होतात. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणून आम्ही सोबत असतो. अशा वेळी मान खाली घालून जिलेबी खाणं एवढंच आमच्या हातात उरतं.

काका एसटीचे ड्रायव्हर होते. नोकरीभर बसून राहिले, त्याची भरपाई ते निवृत्तीनंतर पायांकडून करून घेतायत, अशी माझी समजूत आहे. "उभी गाडी गंजती," हे त्यांचं ब्रीदवाक्य. बारशाला हेच, वाढदिवसाला हेच. एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला त्यांनी हे ऐकवलं आणि काकींनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

गेल्या वर्षी शहरातल्या धावण्याच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात काका दुसरे आले. शेवटच्या वळणावर अक्कलकोटच्या एका निवृत्त हवालदाराने त्यांना मागे टाकलं. तेव्हापासून तो माणूस यांच्या घरी राहायलाच आल्यासारखा आहे. जेवताना काका भात बाजूला सारतात. "अक्कलकोटवाला भात खात नसंल." पाऊस असो, ताप असो, पहाटे ते रस्त्यावरच. "अक्कलकोटवाला झोपला असंल का?"

आणि यंदा शर्यत आठवड्यावर आली असताना काकांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर घरात बसाल तरच रविवारी पळता येईल.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीने जे सोसलं ते सांगता सोय नाही. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला सूचना देऊ लागले. "ओ, खांदे सैल सोडा की! टाच आपटू नका!" एक बाई दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांनाही सोडलं नाही. शेवटी काकी खाली येऊन मला म्हणाल्या, "यांना कुटंतरी न्हे बाबा. माझं डोस्कं उठलंय."

योगायोगाने माझा एक मित्र, द्राक्षबागायतदाराचा मुलगा, घरच्या द्राक्षांची वाईन करायला लागला होता. शुक्रवारी संध्याकाळी सात रस्ता चौकाजवळच्या एका गच्चीवर त्याने लोकांना चव घ्यायला बोलावलं होतं. मी दोघांनाही चला म्हटलं. काकी आधी "दारू ती दारूच" म्हणाल्या, पण पुन्हा घरात एकट्याच राहण्यापेक्षा बरं, म्हणून ठेवणीतली साडी नेसून निघाल्या.

गच्चीवर ओळीने टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर निराळी वाईन, छोट्या काचेच्या ग्लासात घोटभर ओतलेली. पेला गोल फिरवायचा, वास घ्यायचा, चव जिभेवर घोळवायची, असं मित्र समजावत होता. पण काकांनी टेबलांची ओळ पाहिली आणि त्यांच्या अंगात शर्यत शिरली. पळणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला पाण्याची टेबलं असतात ना, तसे ते लंगडत का होईना पण न थांबता निघाले. उचलला ग्लास, रिकामा केला, पुढे. उचलला, रिकामा केला, पुढे. शेवटच्या टेबलापाशी सवयीने ग्लास मागे भिरकावला. शर्यतीत कागदाचा असतो, हा काचेचा होता.

खळ्ळकन आवाज झाला. सगळे वळून बघायला लागले. काका तोंड पुसत म्हणाले, "पानी जरा आंबलंय."

मी मित्राची माफी मागितली आणि काकांना काकींच्या शेजारी नेऊन बसवलं. काकी मात्र पहिलाच ग्लास हातात धरून मजेत बसल्या होत्या. नाकाशी न्यायचा, हसायचं, ओठ ओले करायचे, खाली ठेवायचा. त्यांचं संपेपर्यंत काकांना थांबणं भाग होतं.

"ह्याला आमच्या बेदाण्याच्या शेडचा वास हाय," काकी म्हणाल्या. माहेर त्यांचं बार्शीकडचं, द्राक्षाचं. लहानपणी एकदा त्या वाळत्या द्राक्षांच्या जाळीखाली झोपून गेल्या होत्या आणि वडील विहिरीत डोकावून त्यांच्या नावाने हाका मारत होते. सापडल्यावर मारलं नाही, उलट जवळ घेऊन रडले. काकी सांगत होत्या आणि काका नवीन माणूस भेटल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते.

"हे मला कदी बोलली न्हाईस."

"बोलू कवा? जन्मभर तुमची मुक्कामी गाडी. रातचं खेड्यात निजायचं, सकाळी परत यायचं. आता घरात ऱ्हायला लागला, तर उजाडायच्या आत पळायला. तुमी थांबला कवा?"

घरी जायला रिक्षात बसल्यावर काकांनी काकींच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

रविवारी पहाटे ठरल्याप्रमाणे मी मोटारसायकल काढली आणि त्यांना बोलवायला वर गेलो. काका गॅलरीत बसलेले. पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टी, समोर चहाचे दोन कप.

"काका, उशीर होतोय."

त्यांनी मला जवळ ओढलं. "गुडघा बरा झाला रे. डॉक्टर काल पळा म्हनले."

"मग?"

"काल सकाळी ती म्हनली, सकाळचा च्या दोघांनी बसून प्यायला लई बरं वाटतंय. आता तूच सांग, कसा उठू?" मग चहाचा कप जवळ ओढत म्हणाले, "मलाबी बरं वाटतंय रे."

"आणि अक्कलकोटवाला?"

"जिंकू दे की. त्याला घरी कोन हाय बिचाऱ्याला? पळू दे."

आतून काकींचा आवाज आला. "अजून ठणकतंय का हो?"

"व्हय गं, लई ठणकतंय!" इतक्या आनंदाने कण्हणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी निघालो तशा काकी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना काय बोलू नको हं. काल दवाखान्यातनं पळतच आले, मी वरनं बघितलं की."