मुंगी न लागलेली गोडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मातीच्या नमुन्याच्या एका पिशवीवर मी खोटी चिठ्ठी लावली होती.

मी तेव्हा शेतीखात्यात नवा होतो. माले गावचे दगडूतात्या माती चाखायचे. पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या चपलेची माती बोटावर घेऊन जिभेला लावायचे. ‘भाऊसाहेब, आज कासार आंबोलीत थांबला व्हता जणू.’ थांबलेलो असायचो. गुत्त्यावरून परतणारे त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जात.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांनी नवीनच काढलं. वावराची रस्त्याकडची माती गोड लागते म्हणे. ‘धरणाकडं मोटारी वाढल्या तशी गोडी वाढतीया. गोड हाय, पण मुंगी न्हाई, भाऊसाहेब.’ गाव हसलं.

त्यांच्या सुनेला त्याच पट्ट्यात घरच्यापुरती मेथी करायची होती. तात्या करू देईनात. शेवटी ठरलं, सरकारी कागद म्हणेल ते खरं.

नमुना घ्यायला मी गेलो. आमचा नियम असा की बांध आणि रस्ता सोडून मधली माती घ्यायची. त्यात एसटीची वेळ झालेली. सवयीनं मधलीच भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘रस्त्याकडची’. तात्यांनी माझ्या खुरप्याची माती चाखली. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बस येईल तुमची.’

कागद आला. माती उत्तम. सुनेनं मेथी पेरली.

दोन वर्षांनी गेलो तर सून कुरकुरत होती, की म्हातारा कडेची भाजी एकटाच संपवतो, पोरांच्या ताटात पान पडू देत नाही. तात्या ओसरीवर होते. मनगट लोंबलेलं, तांब्या धरवत नव्हता. पेट्रोलमधलं शिसं रस्त्याकडच्या मातीत उतरतं, त्याचे क्षार गोड लागतात आणि त्यानं मनगट लुळं पडतं, हे मी फार पुढे वाचलं. त्यानंच झालं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

खुरप्याची माती चाखली तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी हळूच विचारलं.

‘नोकरी नवी तुमची. कागद खोटा म्हणलो असतो, तर कुटं गेला असता?’

सवयीनं ते माझ्या चपलेकडे वाकले. बोट पोचेना. मीच चिमूटभर माती त्यांच्या जिभेवर ठेवली. कुठली ते ओळखायची वाट बघत राहिलो.

‘आता समदीच गोड लागतीया,’ ते म्हणाले.

तात्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या कडेची एक पिशवी माती, खऱ्या चिठ्ठीसकट, मी अजून त्यांचं देणं लागतो.