चाळीस शिस्तप्रिय विद्यार्थी

"दोनशे फॉर्म, आणि एकही खोटा नाही!" पीएच.डी.च्या समितीपुढे जायच्या दिवशी हरिप्रिया घरच्या आरशाला ठणकावून सांगून निघाली. कॉलेजातल्या पोरांचा स्वभाव आणि त्यांना आयुष्यात मोलाचं वाटतं ते, या दोहोंचा संबंध तिनं त्यांनी भरलेल्या फॉर्मांवरून शोधला होता. आकडे असे जुळले होते, की पत्रिका बघणाऱ्यानंही तोंडात बोट घालावं!

समितीला अर्धा तास उरला होता. तिच्या मार्गदर्शक त्रिपुरसुंदरी मॅडम फॉर्म चाळत होत्या, आणि गप्प होत्या. त्या गप्प झाल्या की पंखासुद्धा दबकून फिरायचा.

"अंबत्तूरच्या कॉलेजातले हे चाळीस. सगळे पहाटे साडेचारला उठतात?"

"शिस्तप्रिय असतील, मॅडम."

"हॉस्टेलमध्ये? चाळीसच्या चाळीस?"

हरिप्रिया खुर्ची ओढून जवळ सरकली. मॅडमनी आणखी एक फॉर्म पुढे सरकवला. "वय एकोणीस. आयुष्यात सर्वांत मोलाचं काय? 'माझ्या मुलीची पीएच.डी.'!"

अक्षर ओळखीचं होतं. शाळेतल्या तिच्या रजेच्या सगळ्या चिठ्ठ्या याच अक्षरातल्या! 'तिथं माझा मित्र तुकोजी कारकून आहे, तू उन्हात नको जाऊस,' म्हणत हे फॉर्म अप्पांनीच नेले होते.

तिनं बाहेर धावत जाऊन फोन लावला. "अप्पा, अंबत्तूरचे फॉर्म कुणी भरले?"

तिचे वडील बालाजीराव खाकरले. "कण्णा, बाळा, कॉलेजला सुट्टी लागली होती गं. कोरे परत आणले असते तर तू रडली असतीस. म्हणून आम्ही..."

"आम्ही?"

"मीच. तुकोजीनं फक्त कॉफी पाजली."

हरिप्रिया दारापाशी थिजली. मॅडमना नुसता संशय आला होता, खरं काय ते ठाऊक नव्हतं. 'लिहिताना चूक झाली असेल' म्हटलं, तर कदाचित निभावलंही असतं! पण ती आत गेली.

"मॅडम, ते चाळीस माझ्या वडिलांनी भरलेत. मी न बघताच आकडे घातले. काढून टाकते."

"ते काढलेस तर तुझा सगळा निष्कर्ष कोसळेल."

"कोसळू दे!" म्हणताना तिचा आवाजच कोसळला.

समिती तीन महिने पुढे गेली. "या वेळी फॉर्म घेऊन स्वतः जा," एवढंच मॅडम म्हणाल्या.

घरी येताच तिचा बांध फुटला. "अप्पा, चाळीस खोटे फॉर्म!"

बालाजीराव दुखावून उठले. "खोटे? वय सोडलं तर एकूण एक उत्तर मनापासून दिलंय! बाविसाव्या फॉर्मला बोटं आखडली, तरी मत बदललं नाही!"