विहीण बाजारात बसते म्हणून

पाहुणा दारात आला की दिगंबरराव आधी त्याची पिशवी हुंगायचे. बाजारची भाजी निघाली की पिशवी ओट्यावर, पाहुणा तेवढा आत. वर ऐकवायचे, "आम्ही स्वावलंबी आहोत."

चिकलठाण्यात आमच्या चराईच्या रानावर कारखाने झाले, त्यातल्याच एकात हे कारकून. माझ्या शेजारी घर बांधलं अन् मागच्या चार खाटांएवढ्या जागेत भाजी लावून जगायला निघाले. पावसाळाभर नुसता दुधी. बायको बिचारी दुधीचा रस्सा, दुधीचंच थालीपीठ करून कावली.

स्वावलंबन कसलं? पोरानं विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात भेटलेल्या, जातीबाहेरच्या पोरीशी लग्न केलं. ह्यांनी त्याला घर बंद केलं. अन् पोरीची आई बाजारात भाजी विकायला बसते. विहिणीपुढं पिशवी धरायची येळ येऊ नये, एवढ्यासाठी हा मळा. सगळ्या गल्लीला ठाऊक.

एकदा मला म्हणाले, "आबा, तुमची मेंढरं रातभर आमच्याकडं बसवा. लेंडीखत होईल."

मेंढरं बसवतात ती पीक निघालेल्या रानात. मी सांगितलं. तर म्हणे भाजीभोवती साड्या बांधल्यात. मी शाळा लई बघितली नाय, पण मेंढरू साडीला भीत नाय एवढं कळतं. ऐकेनात, म्हणून बसवली. सकाळी मळ्यात लेंड्या होत्या, पान नव्हतं.

"खत तर झालं ना," म्हणाले.

त्याच आठवड्यात नामांतरावरून शहर पेटलं. बाजार बंद. स्वावलंबी घरात कोथिंबिरीची काडी नाय. मजा बघायला मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

तेवढ्यात विहीण आली. पायी, रिकाम्या हातानं. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "व्याही, पोरीला दिवस गेल्यात. तेवढं सांगायला आले." अन् वळली.

दिगंबरराव उंबऱ्यापर्यंत आले. मग तिच्या पाठीला विचारलं, "तिला काय खावंसं वाटतं?"

"अंबाडी. पर ह्या बंदात कुठली मिळायची."

बायकोनं तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं, चहा ठेवला. हे कुदळ घेऊन मागं गेले. मी बघतो तर भर उन्हात वाफा खणतायत, अंबाडीचं बी मुठीनं ओततायत. इतकं दाट कुणी पेरतं का? म्हणालो, उगवेपर्यंत बाजार उघडंल की.

"उघडू दे." मान वर केली नाय. "आबा, विहीणबाईंना सांगा. खुडायला पोराला अन् सुनेला, दोघांना पाठवा म्हणावं."

ती पाच पावलांवर चहा पीत होती. तेवढं जायचं धाडस नाय माणसात. शेवटी मीच जाऊन सांगितलं.