मास्तरांचा चांगला हात

नेहमीची थेरपिस्ट रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या मुलीने कागदावरचं ‘डावा हात’ नीट वाचलं, मास्तरांच्या समोर उभी राहिली आणि स्वतःच्या डाव्या बाजूला जो हात आला तो लुळ्या हाताला हालचाल शिकवणाऱ्या रोबोटच्या दांड्याला पट्ट्यांनी आवळून टाकला. तो अर्थातच मास्तरांचा उजवा, धडधाकट हात होता.

“अगं पोरी, हा नव्हे. तो पलीकडचा.”

“होतं असं काका. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावं-उजवं कळेनासं होतं. पुस्तकातच आहे.”

पुस्तकापुढे मास्तर काय बोलणार? त्यांनी जन्मभर शिवणकाम केलेलं. उजव्याने कात्री चालवायची, डाव्याने कापड सुईखाली सरकवायचं. झटका आल्यापासून डावा म्हाताऱ्या मांजरासारखा मांडीवर निजून होता आणि दुकानाला कुलूप होतं. हे यंत्र पुढे चालू ठेवायचं की नाही, ते मोठे डॉक्टर आज ठरवणार होते. यंत्र बंद झालं की दुकानही कायमचं बंद, हे मास्तर मनाशी धरून चालले होते.

ते आणखी काही बोलणार तोच डोळ्यांवर खोटं जग दाखवणारा डबा चढला आणि मास्तर भलत्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. तिथले कप उचलून फळीवर ठेवायचे होते. त्यांनी ठेवले. पेले ठेवले, ताटं लावली. घरी त्यांनी कधी चमचासुद्धा जागचा हलवला नव्हता. बाहेरच्या पडद्यावर नुसताच हात दिसत होता. तो बघून पडद्यासमोर बसलेल्या बायकोला हुंदका आवरेना. तिने नणंदेला फोन लावला.

“वन्सं, हे भांडी लावतायत.”

“दादा? अगं, दुसऱ्याच कुणाला बघत असशील,” म्हणून नणंदेने फोन ठेवला.

एवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनीही पडदाच पाहिला. “वा! हात तर माझ्यापेक्षा बरा चालतोय. उद्यापासून यंत्र नको यांना.”

“अहो डॉक्टर, हा हात आजारी नव्हताच,” डब्याखालून मास्तर कळवळले.

“गोंधळ आहे अजून,” मुलगी हळूच म्हणाली.

“जाईल तोही,” डॉक्टर म्हणाले.

आता मास्तरांनाच शंका येऊ लागली. एवढी शिकलेली माणसं सांगतायत, तर आजारी हात हाच असेल का? मग मांडीवरचा तो कुणाचा? धड विचार करावा तर नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.

“जरा कुणी नाक खाजवता का?”

डॉक्टर आणि मुलगी आकडे बघण्यात गुंग होते. खाज वाढत गेली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यांनी दातओठ खाल्ले, आणि कुणीतरी येऊन नाक खाजवलं. वेडंवाकडं, पण खाजवलं.

“देव तुझं भलं करो पोरी,” मास्तर म्हणाले.

खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून मुलीचा आवाज आला. “काका, चांगला हात मधे आणायचा नाही हं. खाली ठेवा बघू तो.”

मास्तरांनी नाकावरच्या डाव्या हाताची बोटं जराशी हलवून पाहिली. आयुष्यात त्यांना इतकं गोड कुणी रागावलं नव्हतं.

“ठेवतो हं,” ते म्हणाले, आणि खाज केव्हाच गेली होती तरी नाक खाजवत बसले.